आधी दाखला, मग योजना

महाराष्ट्रात आदिवासी मुलामुलींसाठी योजना नाहीत, असे कोणी म्हणत असेल तर त्याने आदिवासी विकास विभागाची यादी एकदा वाचावी. आश्रमशाळेपासून पीएचडीपर्यंत आणि शेळीपालनापासून परदेशी विद्यापीठापर्यंत सगळे त्यात आहे. तरीही बारावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी हातातोंडाशी आलेला प्रवेश गमावून घरी बसते. कारण विचारले तर उत्तर जवळजवळ ठरलेले असते. व्हॅलिडिटी नव्हती, उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळाला नाही, खाते आधारला जोडलेले नव्हते, तारीख निघून गेली. म्हणून योजनांच्या नावांआधी कागदांबद्दल लिहितो. तुम्ही नववी-दहावीत असाल तर उत्तम. कॉलेजात असाल तरी फार बिघडलेले नाही, धावपळ मात्र जास्त होईल.

सन २०११च्या जनगणनेनुसार राज्यात १ कोटी ५ लाखांहून अधिक आदिवासी आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या ९.३५ टक्के. त्यांच्यासाठीच्या विभागाचे आयुक्तालय नाशिकला आहे. नाशिक, ठाणे, अमरावती आणि नागपूर येथे अपर आयुक्त बसतात आणि त्यांच्या हाताखाली एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेत. जव्हार, डहाणू, पेण, घोडेगाव, राजूर, कळवण, तळोदा, धारणी, किनवट, पांढरकवडा, अहेरी, भामरागड ही त्यांतली काही. अशा कार्यालयाला लोक नुसते ‘प्रकल्प’ म्हणतात. तुमचे गाव कोणत्या प्रकल्पात येते, हे आजच विचारून ठेवा. पुढच्या बहुतेक कामांचा रस्ता तिथूनच जातो.

व्हॅलिडिटीचा डोंगर

जमातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. पुष्कळ घरांत तो मिळाला की काम झाले असे समजतात, पण खरे काम त्यानंतर सुरू होते. तो दाखला अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीने तपासून वैध ठरवावा लागतो. हीच व्हॅलिडिटी. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी, सरकारी नोकरीसाठी आणि राखीव जागेवरून निवडणूक लढवण्यासाठी ही वैधता लागते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत प्रस्ताव टाकावा. बारावीच्या निकालानंतर टाकलेला प्रस्ताव प्रवेशाच्या तारखेआधी निकाली निघेल, या भरवशावर राहू नये.

समिती काय बघते? अनुसूचित जमातींसाठी मानीव दिनांक ६ सप्टेंबर १९५० आहे. तुमचे पूर्वज त्या दिवशी कुठे राहत होते आणि त्यांची जमात कोणती लिहिली होती, हे दाखवायचे असते. त्यामुळे तुमच्या स्वतःच्या दाखल्यापेक्षा आजोबा-पणजोबांच्या कागदाला जास्त वजन आहे. ते शाळेत गेले असतील तर त्या शाळेतून प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा घ्या. गेले नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ शोधा. जन्म-मृत्यूच्या नोंदींचे हे बुक कोतवाल बुक म्हणून ओळखले जाते. जमीन असेल तर जुने फेरफार, कडईपत्रक, खासरा पत्रक, जे सापडेल ते काढा. पश्चिम महाराष्ट्रात जुन्या नोंदी मोडीत असतात आणि मराठवाड्यात उर्दूत. त्यांचे लिप्यंतर जाणकार, अधिकृत माणसाकडून करून घ्यावे. झेरॉक्सवर भागवू नका. अर्ज करून, शुल्क भरून साक्षांकित नक्कल घ्या आणि पावती जपून ठेवा.

वडिलांना, सख्ख्या काकाला, आत्याला किंवा भावंडाला आधीच वैधता मिळाली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचे शपथपत्र जोडा. अर्धे ओझे तिथेच उतरते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात स्पष्ट केले की चालीरीती आणि बोलीवरून केलेली आप्तसंबंधाची चाचणी ही दाव्याची एकमेव कसोटी होऊ शकत नाही आणि स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कागदांचे पुराव्याचे मूल्य सर्वांत जास्त. जुना कागद शोधण्यासाठी घातलेला महिना म्हणूनच वाया जात नाही.

ज्यांच्याकडे जुना कागदच नाही त्यांचे काय? रायगड, ठाणे, पालघरमधल्या कातकरी कुटुंबांचा हा रोजचा प्रश्न आहे. जमीन नाही. वर्षाचे सहा-सात महिने वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर जातात. मूल भट्टीवर जन्मले तर नोंद कुठेच नाही. अशा वेळी समितीच्या दक्षता पथकाची गृहचौकशी महत्त्वाची ठरते. पथक येईल त्या दिवशी घरातली जाणती माणसे हजर असावीत. कुळाचे देव, लग्नातले विधी, मर्तिकाच्या रीती आजी जितक्या सांगेल तितक्या शहरात वाढलेला नातू सांगू शकणार नाही. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा बळकावणाऱ्यांमुळे ही तपासणी कडक झाली, हे खरेच आहे. पण तिचा जाच सर्वांत जास्त होतो तो ज्याच्या आदिवासी असण्याबद्दल गावात कोणालाच शंका नाही, अशा गरिबाला. हे मला आजही पटत नाही.

लहान भावंडाला पहिलीत घालताना शाळेच्या नोंदवहीत जमातीचे पूर्ण नाव लिहून घ्या. नुसते ‘हिंदू’ किंवा नुसते ‘कोळी’ लिहिले गेले की पुढे वर्षे जातात, आणि नंतर केलेल्या खाडाखोडीने समितीचा संशयच वाढतो. आधार, शाळेचा दाखला आणि बँक पासबुक यांतले नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर सारखी आहे का, तेही पाहून घ्या. एक गोष्ट मात्र तुम्हाला काढावीच लागत नाही. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला नॉन-क्रीमी लेअरचा दाखला लागत नाही. कोणी त्यासाठी पैसे मागत असेल तर तिथून सरळ उठून या.

शिकताना लागणारा पैसा

दहावीनंतरच्या शिक्षणाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तरी आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या प्रतिपूर्तीची वेगळी योजना आहे, हे अनेक नोकरदार पालकांना माहीतच नसते. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे. अर्ज भरून झोपायचे नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग प्रकल्प कार्यालयाच्या. कारकुनाने तो त्रुटी दाखवून परत पाठवला आणि तुम्ही पाहिलाच नाही, तर वर्ष गेले. दर आठवड्याला स्थिती बघा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण आपोआप होत नाही, ते स्वतः करावे लागते.

पैसे मंजूर होऊनही न मिळण्याचे मोठे कारण म्हणजे बँक खाते. थेट लाभाची रक्कम तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावरच येईल असे नाही. आधारशी शेवटी जोडलेले जे खाते असेल त्यावर ती जाते. कोणीतरी मोबाइल घेताना किंवा बचत गटासाठी उघडून दिलेले विसरलेले खाते अचानक मध्ये येते. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते. अर्जाआधी ती पाहा आणि खाते बंद पडले असेल तर केवायसी करून चालू करून घ्या.

राहण्याचा प्रश्न शुल्काहून मोठा आहे. सरकारी आदिवासी वसतिगृहाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि जागा गुणवत्तेवर मिळते. मोठ्या शहरांत त्या लवकर भरतात. जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे. बारावीनंतरच्या अभ्यासक्रमात शिकणाऱ्या, शहराबाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला भोजन, निवास आणि निर्वाहासाठी तीत थेट रक्कम मिळते. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, त्याखालच्या शहरांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, असे दर ठरले होते. दर आणि हजेरीची अट शासन निर्णयाने बदलू शकते, तेव्हा चालू वर्षाचा निर्णय प्रकल्प कार्यालयातून बघून घ्या. पुण्यात खाट आणि डबा धरून या पैशांत भागत नाही, हे कोणीही सांगेल. शिवाय हप्ता उशिरा येतो, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांची सोय घरातून किंवा कामातून करून मगच शहर गाठा.

नंदुरबारची मुले सुरतेला शिकतात, गडचिरोलीची तेलंगणात. तिथल्या राज्य सरकारच्या आदिवासी सवलतींवर तुमचा हक्क नसतो. शिष्यवृत्ती आपल्या मूळ राज्याकडेच मागायची. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप २००३ साली अनुसूचित जमातींत आले. त्यांचे अर्ज गोवा सरकारकडे, महाराष्ट्राकडे नाही.

लहान मुले घरात असतील तर दोन परीक्षा डोळ्यांसमोर ठेवा. एक एकलव्य निवासी शाळेची, जिथे सहावी ते बारावीचे शिक्षण होते. दुसरी नवोदय विद्यालयाची. साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल वस्तीतले डॉ. राजेंद्र भारूड नवोदयमध्ये शिकले, मुंबईत डॉक्टर झाले आणि पुढे आयएएस होऊन नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. पाचवीतल्या मुलाचा अर्ज भरायला शिक्षकाला अर्धा तास लागतो. आश्रमशाळेतल्या प्रत्येक शिक्षकाने तेवढा वेळ काढायला हवा.

वरच्या टोकाला असलेल्या योजनांकडे आपली मुले फार कमी बघतात. आयआयटी, एम्ससारख्या नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी १००० नव्या जागा, उत्पन्न मर्यादा ६ लाख. पीएचडी करणाऱ्यांना राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, वर्षाला ७५० जणांना. परदेशातल्या शिक्षणासाठी केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती असून तिच्या जागा देशभरात अवघ्या २० आहेत. महाराष्ट्र सरकारचीही स्वतंत्र परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात विद्यापीठाची जागतिक क्रमवारी पाहिली जाते, म्हणून प्रवेशाचा अर्ज करण्याआधीच त्या यादीतले स्थान तपासावे. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२पासून काम करते आहे. संशोधनाची अधिछात्रवृत्ती आणि स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती तिच्या संकेतस्थळावर येतात. महिन्यातून एकदा ते उघडायची सवय लावा.

नोकरी: भरतीच्या पलीकडे

राज्याच्या नोकऱ्यांत अनुसूचित जमातींना ७ टक्के आरक्षण आहे, केंद्रात साडेसात. एमपीएससीला वयात ५ वर्षांची सवलत मिळते. यूपीएससीला वयाच्या ३७व्या वर्षापर्यंत कितीही वेळा बसता येते. वनरक्षकाच्या अलीकडच्या जाहिरातींत इतरांना बारावी आणि आदिवासी उमेदवारांना दहावी अशी अट होती. जाहिरात नीट वाचली नाही म्हणून अर्जच न भरणारी मुले दर भरतीत असतात.

तयारीसाठी लगेच पुण्याला पळण्याची गरज नाही. आदिवासी भागांत कौशल्य विकास विभागाची मार्गदर्शन केंद्रे आहेत. तिथे साडेतीन महिन्यांचे स्पर्धा परीक्षापूर्व प्रशिक्षण विनामूल्य मिळते, दरमहा १ हजार रुपये विद्यावेतन आणि पुस्तकांचा संचही मिळतो. रक्कम थोडकी आहे. पण पाया तिथे तपासून घेता येतो. गणित आणि इंग्रजी व्याकरण जमत नसेल तर ते जव्हारमध्ये कळलेले बरे, पुण्यात भाडे भरत कळण्यापेक्षा. सैन्य आणि पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण आदिवासी विकास विभागही देतो. मैदानी चाचणीत आपली मुले सहसा पुढे असतात, अडतात ती लेखी परीक्षेत. तेव्हा पळण्यापेक्षा अंकगणिताला जास्त वेळ द्या.

पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, लागू असलेल्या भागातल्या भरतीबद्दल सावध बोलावे लागते. राज्यातल्या १३ जिल्ह्यांत पाचव्या अनुसूचीचे क्षेत्र आहे. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक अशी काही पदे तिथे स्थानिक आदिवासींतूनच भरायची, असा निर्णय राज्यपालांच्या अधिसूचनेने २०१४ साली झाला. आंध्र प्रदेशातले शिक्षकांचे शंभर टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रद्द केले. त्यानंतर महाराष्ट्रातले प्रकरणही न्यायालयात गेले आणि २०२३च्या भरतीतल्या पेसा नियुक्त्या अडकून पडल्या. निवड होऊनही मुले घरी बसली, त्यासाठी आंदोलने झाली. अशा जागेचा अर्ज जरूर भरा, पण तीन-चार वर्षे त्या एकाच आशेवर काढू नका. माझे मत विचाराल तर, पदवीनंतर दोन वर्षे स्पर्धा परीक्षेला द्यावीत आणि तिसऱ्या वर्षापासून हातात दुसरे काम असावे. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आयटीआयचा वीजतंत्री यांना तालुक्याच्या गावातही काम मिळते, आणि त्यांच्या शिक्षणाला तीच शिष्यवृत्ती लागू आहे.

खेळात आपला वाटा आहेच. त्र्यंबकेश्वर परिसरातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक जिंकले. सन २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी स्पर्धेचे प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून तपासून घ्यावे लागते. ते जिंकल्याबरोबर करा, भरती निघाल्यावर नव्हे.

गावातच राहायचे असेल तर

सगळ्यांनी शहरात जावे, असे कोणी ठरवले? गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभेने बांबू स्वतः विकला. आज गडचिरोलीत अनेक ग्रामसभा तेंदूपानांचे व्यवहार स्वतः करतात. या व्यवहारांना हिशेब, निविदा, जीपीएस नकाशा आणि बँकेचा पत्रव्यवहार सांभाळणारा माणूस लागतो, आणि तो गावातलाच असला तर फसवणूक होत नाही. बी.कॉम. झालेल्या मुलाला शहरात आठ-दहा हजारांची नोकरी करण्यापेक्षा हे काम कमी प्रतिष्ठेचे नाही. पेसा गावांना ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारणारा पदवीधर प्रत्येक गावात हवा. ग्रामसभेच्या मदतीसाठी मानधनावर पेसा मोबिलायझरही नेमले जातात. पंचायत समितीत चौकशी करा.

व्यवसायासाठी प्रकल्प कार्यालयाकडे केंद्रवर्ती अर्थसंकल्प, म्हणजे न्यूक्लिअस बजेट असते. स्थानिक गरजेनुसार प्रकल्प अधिकारी त्यातून योजना मंजूर करतात. तिची जाहिरात बहुधा स्थानिक वर्तमानपत्रात आणि कार्यालयाच्या फलकावर येते, म्हणून फलक वाचत राहा. शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ कर्ज देते. आदिवासींसाठीच्या राष्ट्रीय महामंडळाच्या योजनेत महिलांना २ लाखांपर्यंतचे कर्ज ४ टक्के व्याजाने मिळू शकते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या आदिवासी उद्योजकाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. कर्ज मात्र कर्जच असते. अनुदान वजा करून उरलेला हप्ता पावसाळ्यात, धंदा मंद असतानाही भरता येईल का, याचा हिशेब आधी मांडा. शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांच्या गटाने वनधन केंद्राच्या आधाराने गुळवेल गोळा करून, वाळवून मोठ्या औषध कंपन्यांना विकली. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट अशी की माल जंगलातलाच होता, पण ग्राहक त्यांनी दलालाला वगळून शोधला.

वारली चित्रे काढणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिचे अधिकृत वापरकर्ते म्हणून कलाकारांना नाव नोंदवता येते. शहरातला कोणीही वारली छापील कुर्ते विकतो. नोंदणी झालेल्या कलाकाराला निदान ‘हे आमचे आहे’ असे कायद्याच्या भाषेत सांगता येते. बोली, गाणी, औषधी ज्ञान यांवर काम करणाऱ्या तरुणांसाठी टाटा स्टील फाउंडेशनचा जमशेदपूरचा ‘संवाद’ हा उपक्रम आहे. त्याची अधिछात्रवृत्ती देशभरातल्या आदिवासींसाठी खुली असते.

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन विशेष दुर्बल जमाती आहेत. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन अभियान सुरू झाले. या जमातींतल्या तरुणांनी अर्ज करताना आपल्या जमातीचा उल्लेख ठळक करावा. अनेक योजनांत त्यांना प्राधान्य असते.

अडले तर

अर्ज तोंडी नाकारला गेला तर लेखी कारण मागा. दाखले वेळेत देण्याचे बंधन महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ने कार्यालयांवर घातले आहे आणि मुदत टळली तर त्यात अपिलाची तरतूद आहे. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज केला की पावतीवर क्रमांक आणि तारीख येते. भांडायला तेच हत्यार. सरकारी दाखल्याचे शुल्क थोडे असते. हजारो रुपये मागणारा एजंट, ‘साहेबांशी बोलून’ नोकरी लावून देणारा पाहुणा आणि मूळ कागद ठेवून घेणारी संस्था, या तिघांना दारात उभे करू नका. मूळ वैधता प्रमाणपत्र कोणाच्याही ताब्यात देऊ नका, तपासणीपुरते दाखवा.

आधी शिकलेल्यांना एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा नववी-दहावीतल्या चुलत-मावस भावंडांना सोबत घ्या, तहसीलच्या अभिलेख कक्षात जा आणि आजोबांच्या नावाची कोतवाल बुकातली नोंद काढून, लॅमिनेट न करता, घरातल्या फाईलमध्ये लावा. एका घराने ती काढली की साऱ्या भावकीचे काम होते.